झुलालची फताडी पावलं

सावद्याच्या केळीबागांत घड वाहणाऱ्या टोळीत धुळ्याकडचा झुलाल होता. उंची साडेपाच फूट, त्यातलं निम्मं भ्याव. तो कुत्र्याला भ्यायचा, सुईला भ्यायचा आणि सगळ्यांत जास्त मुकादम मगनला. मगन चिखलातल्या पावलांवरून ओळखायचा, कोण दमला, कोण पाय ओढतोय. बाकीच्यांची पावलं मधे कमरेसारखी बारीक उमटायची. झुलालची मात्र थापलेल्या भाकरीसारखी, जन्मापासून फताडी.

त्यानं कधी काही अडलं नव्हतं. पण एकोणनव्वदच्या हंगामात घोट्याच्या आतल्या बाजूला कळ सुरू झाली. सकाळचं पहिलं पाऊल टेकवताना डोळ्यांत पाणी यायचं. घड खांद्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना पाय आत कलंडायचा. घड पडला की केळी काळी पडतात, आणि पाडणाऱ्याला नारळ मिळतो. झुलालला डोळे मिटले की फळीच दिसायची.

मग त्यानं शहाणपणा केला. तळव्याला खड्डा नाही ना, मग पाडू की! आंब्याची कोय तळव्याखाली फडक्यानं आवळून तो आठवडाभर घरात फिरला. खड्डा पडला नाही, पाय मात्र भोपळ्यासारखा सुजला.

"आते जळगावले डाक्टरकडे चला," बायको बेबाबाई म्हणाली.

"तो पाय कापी टाकी!"

"त्याले तेवढी सवड शे का? चला मुकाट्यानं."

डॉक्टरांनी ओला पाय वर्तमानपत्रावर ठेवायला लावला. भाकरी उमटली. मग म्हणाले, "आता टाचा उचला." झुलाल भिंत धरून थरथरत चवड्यांवर उभा राहिला, आणि तळव्याखाली बारीकशी कमान आली.

"पाहिलंत? उभं राहिलात की कमान बसते, चवड्यांवर गेलात की उठते. असे पाय पुष्कळांचे असतात, हा रोग नाही. तुमची कमान उचलून धरणारा स्नायू ओझ्यानं थकलाय. सूज उतरेपर्यंत घड बंद. मग रोज पोटऱ्या ताणायच्या, टाचा हळूहळू उचलायच्या. आणि अनवाणी काम नाही. टणक टाचेचे बूट, आत कमानीखाली गादी."

"म्हणजे कापत नाही?"

"काय?"

"पाय."

"कोय बांधणं तेवढं बंद करा," डॉक्टर म्हणाले. बेबाबाईनं सगळं आधीच सांगून टाकलं होतं.

आता नवंच भ्याव. केळ म्हणजे लक्ष्मी. बागेत शिरताना चपला बांधावर काढायच्या आणि दिवस मावळेपर्यंत अनवाणी राबायचं, ही टोळीची रीत. त्या टोळीत तीन आठवड्यांनी झुलाल बूट घालून उभा राहिला.

"काबर रे झुलाल," मगन ओरडला, "सासरवाडीले निघाला का?"

टोळी खो खो हसली. "मना पाय फताडा शेत, भाऊ," तो कसाबसा म्हणाला. "बूट काढा तर फळीवरथून पडसू."

मगननं वाकून एक बूट दाबून पाहिला. "चढ. घड पडला, तर तू आन् बूट दोघं बाहेर."

झुलालनं घड उचलला. फळी वाकली. मधोमध आणखीच वाकली. पण घोटा आत गेला नाही. त्यानं घड केळीच्या पानांवर अलगद टेकवला आणि तिथंच ट्रकमध्ये मटकन बसला.

"बसला काय रे?" खालून मगन गरजला. "अर्धा ट्रक रिकामा हाये!"