मालूताईची अमेरिकन गाडी

कार्डिफच्या ज्या गल्लीत माझी थोरली बहीण राहते, तिथली घरं एकमेकांना चिकटून उभी आहेत आणि त्यांच्यापुढच्या गाड्याही तशाच. सगळ्या छोट्या, गोल पाठीच्या. जूनमधल्या त्या सकाळी त्यांच्यामध्ये फिकट निळ्या रंगाची एक लांबलचक गाडी उभी होती. तिचं नाक ताईच्या दारासमोर होतं आणि शेपूट शेजारच्या घरापुढे गेलं होतं. कुत्र्याला फिरवायला निघालेल्या शेजारीणबाई तिला वळसा घालून गेल्या आणि जाता जाता टपावर हलकेच थाप मारून गेल्या, जणू म्हशीच्या पाठीवर.

"शुभा, तू पुढे बस," भाऊजी म्हणाले.

मी सवयीने डावीकडचं दार उघडलं, तर समोर स्टिअरिंग.

"ती माझी जागा. ही अमेरिकन आहे बाई. तू उजवीकडे."

आम्ही वेम्बलीला निघालो होतो. लंडनच्या वायव्येला, कार्डिफपासून तीन तासांवर. बाकीच्यांना ही एका दिवसाची सहल वाटेल. मालूताईसाठी मात्र वर्षभरातला हा पहिला प्रवास होता.

ताई इथल्या सरकारी इस्पितळात नर्स होती, भाऊजी तिथेच भूलतज्ज्ञ. आता दोघंही निवृत्त. गेल्या वर्षी ताईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. ते चांगलं झालं, असं डॉक्टर म्हणतात आणि भाऊजीही म्हणतात. पण त्यानंतर एकदा ती टॅक्सीने जीपीकडे (घरच्या डॉक्टरकडे) गेली, वाटेतल्या प्रत्येक गतिरोधकाने तिच्या पाठीत कळ गेली, आणि तिने घराबाहेर पडणंच सोडलं. मी नाशिकहून तिच्याकडे आले तेव्हा ती मला घ्यायला दारापर्यंतच आली. माझ्या आठवणीतली ताई वॉर्डात चालताना मागच्यांना धावायला लावायची.

वेम्बलीत तिची मैत्रीण रिबेका राहते. रिबेका मूळची भायखळ्याची, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यू कुटुंबातली. दोघी तरुणपणी लंडनमध्ये नर्सेसच्या वसतिगृहात एका खोलीत होत्या. आता रिबेकाची मुलगी नेओमी कामानिमित्त मेलबर्नला चालली होती आणि आईलाही कायमची नेत होती. पुढच्याच आठवड्यात.

"फोनवर बोलेन की," ताई आठवडाभर म्हणत होती. "ट्रेनमध्ये तीन तास मी नाही बसू शकत. आणि कारचं तर नावच काढू नका."

भाऊजींनी नाव काढलं. ही गाडी त्यांनी काउब्रिजजवळच्या एका शेतकऱ्याच्या कोठारातून आणली होती. ताई तिला 'तुमचं खेळणं' म्हणायची आणि खिडकीतूनही तिच्याकडे बघायची नाही. रविवारी भाऊजी तिला म्हणाले, "एकदाच बस. कोपऱ्यापर्यंत जाऊ. दुखलं तर मी ही गाडी विकून टाकतो." कोपऱ्यापर्यंत जाऊन आल्यावर, जेवताना ताईने विचारलं, "रिबेकाला किती वाजता येतो म्हणून सांगू?"

तर अशी ती मागे बसली. मी तिच्याकडे वळून पाहत होते. दार इतकं रुंद की तिला वाकावं लागलं नाही, फक्त पाठ टेकून आत सरकायचं आणि मग पाय घ्यायचे. सीट म्हणजे दिवाणखान्यातला कोचच होता, निळ्या मखमलीचा, ठिकठिकाणी बटणं टाचून उशीसारखा फुगवलेला. भाऊजींनी दार लावलं. आपल्याकडच्या गाड्यांचं दार पत्र्यासारखं वाजतं. हे जाडजूड गादीवर उशी टाकावी तसं मिटलं.

गाडी सुरू झाली ते मला कळलं नाही. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्याच मानेवर, हँडब्रेक हाताचा नाहीच, तोही पायाने दाबायचा. त्यामुळे पुढेही मधे काही अडथळा नाही, तिसरा माणूस आरामात बसेल. बॉनेट इतकं लांब की त्याच्या टोकावरचं चकचकीत बोधचिन्ह आमच्या आधी वळणापाशी पोचत होतं. गल्लीच्या तोंडाशी रस्त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'आराफ' लिहिलं होतं (वेल्श भाषेत 'सावकाश'). आम्हाला ते सांगायची गरज नव्हती.

खरी परीक्षा मोटरवेवर आली. इथेही आपल्यासारखी डावीकडून वाहतूक, आणि आमचा ड्रायव्हर डावीकडेच बसलेला. पुढच्या लॉरीला ओलांडायचं तर उजवीकडून मागून कोण येतंय ते भाऊजींना नीट दिसेना. ते काम माझ्याकडे आलं.

"बघ गं, कोणी आहे?"

"आहे. पांढरी व्हॅन."

"आता?"

"अजून एक. थांबा… थांबा… आता घ्या! घ्या ना!"

"ओरडू नकोस, ही बैलगाडी नाही."

"भाऊजी, मला गाडी चालवता येत नाही हो. मला कसं कळणार किती अंतर पुरेल?"

"मग तर उत्तमच. तू जास्तच अंतर ठेवशील."

बाजूने जाणाऱ्या गाड्यांतले लोक माझ्याकडे बघत. त्यांना वाटे, ही बाई गाडी चालवतेय आणि तिचे दोन्ही हात मांडीवर आहेत. एका गाडीतल्या आजोबांनी तर मला हात जोडून दाखवले.

सेव्हर्न नदीवरचा पूल लागला. ओहोटी होती, खाली मैलभर चिखल चमकत होता. पुलाच्या सांध्यांवरून गाडी जाताना मी मागे पाहिलं. ताईने डोळे घट्ट मिटून दोन्ही हातांनी सीट धरली होती. एक सांधा गेला, दुसरा गेला. तिने एक डोळा उघडला.

"सांधे संपले का?"

"चालू आहेत," मी म्हटलं.

"मला लागत नाहीयेत," ती म्हणाली, आणि सीट सोडली.

तेव्हा भाऊजींना बोलायला जोर आला. तरुणपणी ते वर्षभर अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या एका इस्पितळात होते. तिथले बरेच पेशंट गाड्यांच्या कारखान्यात काम करणारे. त्यातल्या एकाने बरं झाल्यावर त्यांना कारखाना दाखवायला नेलं. "खालच्या मजल्यावर लोखंडी सांगाडा पुढे सरकत येतो. शिडीसारखा. त्याच्यावर इंजिन, चाकं, सगळं आधीच बसवलेलं. आणि वरून, साखळीला लटकत, नुसती गाडीची काया येते. काचा लावलेली, आत सीटा घातलेली. चार माणसं हात वर करून उभी असतात. ती काया खाली उतरते आणि ही माणसं तिला नुसत्या तळव्यांनी जागेवर आणतात. सांगाडा आणि काया यांच्यामध्ये रबराच्या जाड चकत्या. म्हणून खड्डा चाकाला कळतो, सांगाड्याला कळतो, पण वर बसलेल्याला तो उशिरा आणि थोडाच कळतो."

"मग सगळ्यांनाच का नाही अशा करत?"

"जड होतात. पेट्रोल पितात. वळणावर बोटीसारख्या झुलतात. आता अमेरिकेतही ह्या बंद झाल्या, लोकांना उंच गाड्या हव्यात." जरा थांबून ते म्हणाले, "मी त्या दिवशी ठरवलं होतं, एक घ्यायची. मग पस्तिशी आली, मुलं आली, घर आलं. राहूनच गेलं."

मागून ताई म्हणाली, "मला कधी सांगितलं नाहीत हे."

"तू खेळणं म्हणालीस."

रेडिंगच्या अलीकडे चहाची तलफ आली. ताईला उतरायला नको म्हणून भाऊजींनी गाडी ड्राइव्ह-थ्रूमध्ये घातली (गाडीतूनच खाणं घ्यायची खिडकी). ती खिडकी अर्थातच उजवीकडे, म्हणजे माझ्या बाजूला. मी बटण दाबून काच खाली केली, तीन चहा आणि एक चीज टोस्टी मागितली. खिडकीतल्या मुलीने आत वाकून भाऊजींना पाहिलं आणि म्हणाली, "ओ, लव्हली, तुम्ही शोफर ठेवलाय!" चहा मिळाला. मी पुन्हा बटण दाबलं. काच आतल्या आत गुरगुरली आणि वर आलीच नाही.

पुढचा सगळा रस्ता मी ताईची शाल डोक्याला आणि भाऊजींचा रेनकोट अंगाला गुंडाळून, ताशी साठ मैलांच्या वाऱ्यात काढला. टोस्टीतलं सॅलडचं पान उडून मागे गेलं ते थेट ताईच्या चष्म्यावर चिकटलं. मागून एक आवाज आला, मला वाटलं तिला कळ आली. वळून पाहिलं तर ताई हसत होती. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. भाऊजी आरशातून बघत राहिले आणि मला ओरडावं लागलं, "अहो पुढे बघा, पुढे!"

वेम्बलीत शिरताच ईलिंग रोडवर मिठाईची, साड्यांची, भाजीची दुकानं लागली. फुटपाथवर मांडलेली वांगी, कारली, आंब्याच्या पेट्या. आमची गाडी त्या गर्दीतून लग्नाच्या वरातीसारखी सरकली. रिबेकाच्या रस्त्यावर तिने पार्किंगची दीड जागा खाल्ली.

दार उघडायला नेओमी खाली आली आणि तिथे अडलं. नेओमी फोनवर 'थोड्या पायऱ्या' म्हणाली होती. तो पहिल्या मजल्यावर जाणारा, उभा, अरुंद, सबंध जिना निघाला. ताई दारातून वर बघत उभी राहिली. मला तिचा चेहरा बघवेना. ती वळली, चालत गाडीपाशी आली आणि पुन्हा आत बसली.

"नेओमी," ती शांतपणे म्हणाली, "आईला सांग, मी तिच्यासाठी बैठक बरोबर घेऊन आलेय."

नेओमी वर धावली. थोड्या वेळाने जिन्यावर काठीचा आवाज आला. "आंटी, मम्मी तयार झाला, पण हळू येणार!" नेओमी वरून मोडक्या मराठीत ओरडली. रिबेका आली. ठेंगणी, पांढरे केस कापलेले, ओठांवर लिपस्टिक. पलीकडचं दार मी उघडलं. ती आत सरकली, आजूबाजूला पाहिलं, मखमलीवरून हात फिरवला.

"माले, ही काय गाडी आहे का सिनेमा थिएटर?"

दोघींनी एकमेकींचे हात धरले. भाऊजींनी दार लावलं आणि मला म्हणाले, "चल. आपलं इथे काही काम नाही."

त्यानंतर दुपारभर त्या दोघी गाडीत होत्या. आम्ही नेओमीकडे वर जेवलो, नारळाच्या दुधातली माशांची आमटी आणि भात. मग नेओमीने खाली येऊन माझ्या बाजूच्या अडकलेल्या काचेची वर डोकावणारी कड दोन्ही तळव्यांत धरली, भाऊजींनी बटण दाबलं आणि काच कुरकुरत वर चढली. मी दोघींना चहा द्यायला गेले तेव्हा दार जरा किलकिलं होतं.

"तिकडे मी मराठी कुणाशी बोलू गं?" रिबेका विचारत होती.

"माझ्याशी. फोन आहे ना."

"फोनवर तू हं-हं करतेस आणि ठेवतेस. वर्षभर हेच. मला वाटलं, कंटाळलीस मला."

ताई मखमलीवरचं एक बटण चाचपत राहिली. "बसवत नव्हतं गं. पाच मिनिटांत पाठ फाटायची. तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस."

"मग रडले असते! मैत्रीण कशाला असते?"

मी कप पुढच्या सीटवर ठेवून निघून आले.

पार्किंग तपासणारा माणूस आला. घानाचा होता, आवाज खर्जातला. त्याने काचेवर लावलेला पाहुण्यांचा परवाना पाहिला, मग गाडीची लांबी पावलांनी मोजली.

"हा परवाना एका जागेचा आहे, सर."

"गाडी एकच आहे," भाऊजी म्हणाले.

त्याने आत डोकावलं. दोन म्हाताऱ्या मधे डबा ठेवून गव्हाच्या चिकाचा, नारळाच्या दुधातला हलवा खात होत्या. रिबेकाने काच खाली करून त्याला एक वडी दिली. त्याने ती तोंडात टाकली, जरा विचार केला आणि म्हणाला, "मी आता त्या टोकाला जातो. परत यायला मला तासभर लागेल."

निघताना कुणी मोठ्याने रडलं नाही. रिबेका फुटपाथवर काठी टेकून उभी राहिली. ताईने तिला सांगितलं, "रविवारी, तुझ्या संध्याकाळी. मी आडवी पडून बोलेन. तू बोलत राहा." रिबेकाने मान हलवली. गाडी वळेपर्यंत ती हात हलवत होती आणि ताई मागच्या रुंद काचेतून, मान वळवता येत नाही म्हणून अख्खी वळून, तिच्याकडे बघत होती. स्विंडनच्या पुढे झोप लागली तिला.

जूनमध्ये इथे नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. कार्डिफची पाटी दिसली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. भाऊजींनी घराकडे वळण्यासाठी दिवा लावला.

"अहो, वळू नका," मागून आवाज आला. "पेनार्थला घ्या."

"आत्ता? दमली नाहीस?"

"दमलेय. समुद्र बघायचाय."

पेनार्थ कार्डिफच्या शेजारचं किनाऱ्याचं गाव. आम्ही धक्क्याजवळ थांबलो. ताई आपली आपण उतरली, माझा हात न धरता, आणि कठड्यापर्यंत चालत गेली. पाणी चहाच्या रंगाचं होतं, त्यावर सोनेरी पट्टा. भाऊजी बाकावर पाय पसरून बसले. दिवसभर गाडी चालवून त्यांचे खांदे आखडले होते, पण चेहरा असा की लग्नाच्या फोटोतही इतका खुललेला नसेल.

ह्या देशात मी किल्ले पाहिले, राजवाडे पाहिले, काचेतले मुकुट पाहिले. नाशिकला परतल्यावर लोक विचारतात, काय आवडलं? मी त्यांना ह्या कठड्याचं सांगते आणि ते जरा निराश होतात. एका निळ्या गाडीत बसून तीन म्हातारी माणसं लंडनला जाऊन आली, ह्यात सांगण्यासारखं काय? मला मात्र वाटतं, मी तेव्हा एका माणसाला घराबाहेर पडताना पाहिलं, आणि त्याहून मोठं प्रेक्षणीय स्थळ मला अजून भेटलेलं नाही.

ताई कठड्यावर कोपरं टेकून उभी होती. पलीकडे इंग्लंडचा किनारा धूसर दिसत होता.

"अहो," ती न वळता म्हणाली, "उद्या कुठे?"

"उद्या मी झोपणार आहे."

"बरं," ताई म्हणाली. "मग परवा."