खिडक्यांना लावलेली कपाटं

कोंडीराम भिंगारदिवे यांना रागावलेलं कुणी पाहिलं नव्हतं. राग आला तरी ते तो बोलून दाखवत नसत. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत बसत. पंच्याण्णव सालच्या त्या दिवाळीच्या सुमाराला मात्र चष्मा इतका पुसला जायला लागला, की त्यांची बायको आक्काबाई म्हणाली, "अहो, काच झिजून जाईल. काय झालंय ते तरी सांगा."

झालं होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. ऐकणारा हसलाच असता.

नगर जिल्ह्याच्या पूर्वेला, कोरडवाहू मुलखातल्या एका तालुक्याच्या गावी ते सरकारी कचेरीत वरिष्ठ कारकून होते. बापानं छप्पन्न साली धम्म घेतला आणि गावची येसकराची काठी कायमची खाली ठेवली. त्यामुळे बलुतं बंद झालं, घरात रॉकेलला पैसा राहिना. कोंडीरामांनी मॅट्रिकचा सगळा अभ्यास लिंबाच्या झाडाखाली बसून, ऊन सरकेल तसं आपण सरकत केला. दिवस मावळला की पुस्तक मिटायचं. नोकरी लागून जन्म गेला, घरात वीज आली, तरी दिवसाउजेडी दिवा जळताना दिसला की कुणी ताजी भाकरी उकिरड्यावर टाकल्यासारखं त्यांना वाटायचं. मग हात आपोआप बटणाकडे जायचा.

कचेरीत याची थट्टा व्हायची. दाखल्यांचं टेबल सांभाळणारा बिभीषण सानप तर म्हणायचाच, "अण्णा, आडनावात दिवे घेऊन हिंडता आणि आमचे विझवता. अहो, इथली ट्यूब मालवली म्हणून तुमच्या वाडीत लागणार आहे का?"

लागणार नव्हती, हे कोंडीरामांनाही ठाऊक होतं. तरी हात बटणाकडे जायचाच.

पण ती कचेरी होतीच मुलखावेगळी. मोठ्या दालनाला पूर्वेकडे चांगल्या रुंद खिडक्या होत्या, आणि एकूण एक खिडकीला लोखंडी कपाट लावलेलं. कपाटांवर लाल फडक्यात बांधलेली दप्तरं, थेट छतापर्यंत. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आणि आत सकाळी दहापासून ट्यूबा चालू. त्यात भारनियमन. भर दुपारी लाईट गेली की दालनात भुयारासारखा काळोख व्हायचा. मग बिभीषण पेनाला टोपण लावायचा आणि दारातल्या माणसांना सांगायचा, "लाईट नाही. उद्या या." सगळी टेबलं चहाच्या टपरीकडे निघायची. दाराबाहेर माणसं ऊन डोक्यावर घेऊन उभी असायची आणि आत काम उजेडावाचून अडलेलं असायचं.

झुंबरबाई कोंडीरामांना अशीच भेटली. म्हातारी व्हरांड्याच्या पायरीवर पदरानं वारा घेत बसली होती.

"मावशी, काय काम होतं?"

"नातीचा दाखला, भाऊसाहेब. उत्पन्नाचा. पंकजा नाव हाय तिचं. इथं त्या संस्थेच्या बोर्डिंगात ठिवायचीय. दाखला दिला तर फुकट घेत्यात म्हनं."

"अर्ज दिला का?"

"द्यायलाच येती की. आले का तुमची लाईट जाती. आन् आमची टोळी निघायची हाय ऊसतोडीला. मुकादमानं उचल दिलीय, तो काय थांबतो व्हय? दाखला न्हाई झाला तर पोरगी बी फडात. माज्याच कडंला. मी पोरं संबाळायला, ती उसाचं वाडं बांधायला."

"शाळेत बरी आहे का?"

"लई. मास्तर म्हनला, हिला पाचटात घालू नका." म्हातारीनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "उन्हात दिसंना झालंय का तुमच्या लोकांला?"

कोंडीरामांनी चष्मा पुसला.

याच सुमाराला वरून परिपत्रक आलं: सरकारी कार्यालयांत विजेची बचत करावी, रिकाम्या खोल्यांतले पंखे-दिवे बंद ठेवावेत, नैसर्गिक उजेडाचा जास्तीत जास्त वापर करावा, आणि केलेल्या कार्यवाहीचा अहवाल पाठवावा. साहेबांनी कोपऱ्यात लिहिलं, 'श्री. भिंगारदिवे', आणि कागद पुढे सरकवला.

अशा परिपत्रकाचं काय करायचं, हे कचेरीत रुजू झालेल्याला आठवडाभरात कळतं. त्याच दिवशी 'कार्यवाही केली आहे' असा अहवाल पाठवायचा आणि कागद फायलीला लावायचा. कोंडीराम मात्र कागद पुन्हा पुन्हा वाचत बसले.

"अहवाल टाका आणि मोकळे व्हा," बिभीषण म्हणाला.

"पण केलं कुठं आपण काही?"

"आधी अहवाल, मग काम. आता निवृत्तीच्या तोंडावर हे तुम्हाला मी शिकवायचं का?"

कोंडीराम साहेबांकडे गेले. साहेब नवे होते, घर नगरला सावेडीत, शनिवार आला की जीप तिकडे धावायची. कोंडीरामांनी चाचरत सांगितलं, की कपाटं खिडक्यांवरून काढून मागच्या भिंतीला लावली, तर दिवसा एकही ट्यूब लागणार नाही. आणि लाईट गेली तरी काम थांबणार नाही.

"करा की," साहेब फोन फिरवत म्हणाले. "चांगली कल्पना आहे. करा."

तेवढ्यावर कोंडीराम हरखून बाहेर आले. लेखी घ्यायचं त्यांना सुचलंच नाही. उभा जन्म कागदावर काढलेल्या माणसानं तोंडी शब्दावर कपाटं हलवायला घेतली, हे पुढं कितीतरी दिवस कचेरीत चघळलं गेलं.

रविवारी ते आणि म्हातारा शिपाई बन्सी, दोघंच आले. दप्तरं उतरवून, कपाटं रिकामी करून, इंचाइंचानं सरकवून दोघांचे खांदे गेले. कपाटांमागं चिमण्यांची जुनी घरटी, मेलेल्या पाली, आणि कुणीतरी दडवलेले चहाचे फुटके कप निघाले.

"भाऊसाहेब, हे लोकांना आवडायचं नाही," बन्सी कमरेवर हात ठेवून म्हणाला.

"उजेड कुणाला आवडत नाही?"

बन्सीनं बाहेरून दगड आणला. त्यानं खिडकीची गंजलेली कडी दगडानं ठोकून उघडली. कचेरीच्या फरशीचा रंग हिरवा आहे, हे कोंडीरामांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

सोमवारी सगळे दारात थबकले. कुणी डोळ्यांवर हात धरला, कुणी म्हणालं, "काय छान वाटतंय." ट्यूबा बंद, पंखेही निम्मे बंद, वारा आरपार वाहत होता. दुपारी नेहमीप्रमाणे लाईट गेली. बिभीषणनं सवयीनं टोपण लावलं आणि तोंड उघडलं, तोच खिडकीबाहेरून एक शेतकरी म्हणाला, "सायेब, दिसतंय की आता. घ्या ना माजा कागद."

बिभीषणला टोपण काढावं लागलं. त्या दुपारी त्यानं आठवड्यात होत नाहीत एवढे अर्ज घेतले, त्यात झुंबरबाईचाही. तलाठ्याचा अहवाल तिनं आधीच जोडला होता. "गुरुवारी या," तो तुटकपणे म्हणाला.

"गुरवारीच टोळी निगायची हाय, बाबा. दुपार टळली की ट्रक."

"मग सकाळी या."

कोंडीराम घरी गेले ते हलक्या पावलानं. आक्काबाईला म्हणाले, "आज कचेरीत दिवसभर एक दिवा लागला नाही."

"घरातली खुंटी महिना झाला निखळलीय," ती म्हणाली, "आणि सरकारची कपाटं उचलायला जाताय." पण तिनं पाठीला तेल लावून दिलं.

मंगळवारपासून कुरबुर सुरू झाली. खिडक्या उघड्या म्हटल्यावर बाहेरच्या माणसांना आतलं सगळं दिसायला लागलं. कोण जागेवर आहे, कोण पेपर वाचतोय, कोण डुलक्या घेतोय. लोक गजांना तोंड लावून नावानिशी हाका मारू लागले. लाईट गेली तरी टपरीवर जाता येईना, जायला निघालं की कुणीतरी बाहेरून विचारायचं, "भाऊसाहेब, कुटं निगाला?"

"हे कार्यालय आहे का प्राण्यांचा पिंजरा?" बिभीषण कोंडीरामांच्या टेबलाशी येऊन म्हणाला. "अण्णा, वीज वाचवताय का आमचा जीव घेताय?"

"उजेडात काम तर होतंय ना, सानप."

"काम होतंय हेच तर दुखणं आहे. एकदा इतकं होतं म्हटल्यावर रोजच मागतील."

तो हसला, बाकीचेही हसले. कोंडीरामांना वाटलं, थट्टा आहे.

बुधवारी दुपारी बिभीषण साहेबांपुढे उभा राहिला. उजेडाबद्दल तो एक शब्द बोलला नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, अभिलेख उन्हात पडलाय. खिडकीतून हात घालून कुणी फाईल ओढली तर जबाबदारी कुणाची? कपाटं हलवायचा आदेश मला तरी कुठं सापडला नाही."

जबाबदारी हा शब्द ऐकला की साहेबांची मान ताठ व्हायची. त्यांनी कोंडीरामांना बोलावलं. "भिंगारदिवे, कुणाच्या आदेशानं हलवली कपाटं?"

"साहेब, तुम्हीच म्हणालात, करा."

"मी कल्पना चांगली आहे म्हणालो. कपाटं हलवा असं कुठं लिहून दिलंय?"

साहेबांनी कपाटं परत लावायला सांगितली. ज्यांना हातभर दप्तर उचलताना रविवारी पाठदुखी आठवली असती, त्या सगळ्यांनी मिळून तासाभरात कपाटं होती तिथं लावली. कोंडीराम मध्ये उभे राहिले, तर कुणीतरी त्यांना हातानं अलगद बाजूला सारलं, टेबल सारावं तसं. शेवटची खिडकी बुजली आणि बन्सीनं न सांगता ट्यूबा लावल्या.

गुरुवारी सकाळी झुंबरबाई दार उघडायच्या आधीच पायरीवर होती. बिभीषण उशिरा आला, दाखला लिहायला घेतो म्हणाला, आधी दुसरे कागद चाळले, आणि लाईट गेली.

"लाईट नाही," तो म्हणाला. हे तीन दिवस त्याला म्हणता आलं नव्हतं. टोपण लावून तो टपरीकडे निघालाही.

कोंडीरामांनी आयुष्यात कधी दुसऱ्याच्या टेबलावरचा कागद उचलला नव्हता. तो त्यांनी त्या दिवशी उचलला. व्हरांड्यात, पायरीवर, झुंबरबाईच्या शेजारी बसून गुडघ्यावर फाईल ठेवली आणि दाखला सुवाच्य अक्षरात लिहून काढला. खाली साहेबांची सही आणि शिक्का, एवढंच राहिलं.

साहेब लाईट नाही म्हणून क्वार्टरवर गेले होते. कोंडीराम उन्हातून तिथं गेले. साहेब बनियनवर, झाडाखाली बाज टाकून बसले होते. कागद वाचायला तिथं उजेड भरपूर होता.

"सानपची आद्याक्षरी कुठं आहे?"

"तो चहाला गेलाय साहेब. म्हातारीची गाडी आहे दुपारी. पोरीचं वर्ष—"

"संबंधित लिपिकाची आद्याक्षरी नसताना मी सही केली, तर उद्या तुम्हीच मला विचाराल." साहेबांनी कागद परत दिला. आवाज चढवला नाही. "घेऊन या, लगेच करतो."

बिभीषण टपरीवर नव्हता. टपरीवाला म्हणाला, जेवायला घरी गेले. घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, स्टँडवर गेलेत, पाहुणे यायचेत. स्टँडवर जामखेडची गाडी लागली होती, बिभीषण नव्हता. कोंडीराम परत आले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता आणि पायरी रिकामी होती.

"गेली," बन्सी म्हणाला. "थांब थांब म्हणालो. पण मुकादमाचा माणूस बोलवायला आला. म्हणाली, भाऊसाहेबांना सांगा, लई पळू नका, तुमच्या हातात न्हाई."

लाईट कचेरी सुटायच्या जरा आधी आली. तिच्यामागोमाग बिभीषण आला, साहेब आले. आद्याक्षरी झाली, सही झाली, शिक्का बसला. सगळं मिळून पान खायला लागतो तेवढा वेळही लागला नाही.

"झाला ना तुमचा दाखला?" बिभीषण हसून म्हणाला. त्यात कुचेष्टा नव्हती. त्याला खरंच वाटत होतं, की काम झालं. कोंडीरामांना त्या हसण्याचा राग आला असता तर बरं झालं असतं. या साधेपणापुढे त्यांना काहीच करता येईना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी किरकोळ रजा टाकली आणि एसटीनं झुंबरबाईच्या वस्तीवर गेले. मनात एक वेडी आशा होती: ट्रकला उशीर झाला असेल, टायर पंक्चर झालं असेल. वस्तीत पाऊल टाकलं आणि ती विझली. घराघराला कुलूप, दारापुढे काटेरी फांद्या आडव्या लावलेल्या. कुत्रीसुद्धा माणसांमागं गेली होती. एका वळचणीला छगन नावाचा म्हातारा राखणीला मागं राहिलेला, पायानं अधू.

"झुंबरबाईकडं आलो होतो. पंकजाचा दाखला आणलाय."

"काल गेली की टोळी. पोरगी टपावर बसून रडत हुती. आजीनं दोन लावल्या, तवा गप झाली." म्हाताऱ्यानं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला, शिक्क्यावरून बोट फिरवलं. "चांगला हाय. परत आल्यावर देतो तिला. पुढल्या साली चालंल का हो ह्यो?"

कोंडीरामांनी चष्मा काढला. पुसला नाही, हातात धरून राहिले.

"नाही," ते म्हणाले. "मार्चनंतर नवा काढावा लागेल."

"असं व्हय," छगन म्हणाला. त्यानं तरीही कागदाची नीट घडी घातली आणि टोपीच्या आत ठेवली. "मंग पुढल्या साली जरा लवकर जा म्हनीन तिला."