दार लावून घेणारा वकील

पुण्याच्या कोर्टात मी बरीच वर्षं वकिली केली होती. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा. न्यूझीलंडला, वेलिंग्टनमध्ये आल्यावर कळलं, इथे ते काही धरत नाहीत. पुन्हा शिका, पुन्हा परीक्षा द्या. नवऱ्याची डिग्रीही पुण्याचीच, पण त्याला पहिल्याच इंटरव्ह्यूत आयटीत नोकरी मिळाली.

"अगं, सगळ्यांनाच करावं लागतं," तो म्हणाला.

"तुला कुठे करावं लागलं?"

बस चुकेल म्हणत तो निघून गेला.

विशीतल्या मुलांबरोबर मी पुन्हा बाकावर बसले. एका तासाला प्राध्यापकांनी अमेरिकेच्या सुरुवातीच्या काळातल्या एका वकिलाची गोष्ट सांगितली. शेतकऱ्याचा मुलगा, कॉलेजचं तोंड न पाहिलेला. एका म्हाताऱ्या वकिलाच्या कचेरीत कागदांच्या नकला करत तो कायदा शिकला, घोड्यावरून गावोगावची कोर्टं केली आणि शेवटी विधिमंडळात निवडून गेला. प्राध्यापक अगदी रंगून सांगत होते. त्याच्यावर निबंध लिहायचा होता, म्हणून मी लायब्ररीतून त्याचं चरित्र आणलं.

वाचता वाचता माझं डोकं फिरलं. त्या म्हाताऱ्याने न्यायाधीशाकडे शब्द टाकला, तेवढ्यावर, एकही परीक्षा न देता, हा वकील झाला होता. आणि विधिमंडळात गेल्यावर याच गृहस्थाने कायदा आणला, की परक्या प्रांतातून आलेल्या वकिलाने आधी काही वर्षं तिथे राहावं, नव्याने परीक्षा द्यावी, मगच कोर्टात उभं राहावं. स्वतः आत शिरला आणि दार लावून घेतलं!

पुढच्या तासाला मी हे वर्गात बोलले. माझा आवाज चढला होता.

प्राध्यापक हसून म्हणाले, "लोकांचं हित जपायला असे नियम लागतात."

"मग त्याच्यापासून लोकांचं हित कोणी जपलं?"

प्राध्यापकांनी पुढचा विषय काढला. निबंध परत आला तेव्हा त्यावर 'फार भावनिक' असा शेरा होता आणि मार्क कमी होते. मी तडक त्यांच्या खोलीत गेले. "यातलं कुठलं वाक्य खोटं आहे, दाखवा." त्यांनी पानं उलटली. खोटं एकही सापडलं नाही. मार्क मात्र तेवढेच राहिले.

सगळ्या परीक्षा पास होऊन मी इथली वकील झाले. गेल्या वर्षी आमच्या ऑफिसात केनियातून इथे आलेल्या एका अनुभवी वकीलबाईंचा अर्ज आला. त्यांच्या इथल्या परीक्षा व्हायच्या होत्या, तोवर त्यांना मदतनिसाचं काम हवं होतं. आमचे साहेब म्हणाले, "आधी परीक्षा होऊ देत. तूही त्यातून गेलीस, म्हणून तर इतकी चांगली झालीस."



"मी आधीही चांगलीच होते," मी म्हटलं. "त्यांना भेटायला बोलवा. उद्याच."

साहेबांनी अर्जावरचा नंबर बघितला. मग त्यांनी फोन उचलला.