हात दुखतात म्हणून

माझा धाकटा भाऊ रंगारी. छताचं काम त्याच्यासारखं कुणाला जमत नाही, हे तोच सगळ्यांना सांगत फिरायचा, आणि खोटं नव्हतं ते. मान मागे टाकून, हात वर करून दिवसभर रोलर फिरवायचा. खाली ठेवलेला चहा गार होईपर्यंत शिडीवरून उतरायचा नाही.

हृदयविकाराचा पहिला झटका आला तेव्हा दवाखान्यात वेळेत नेला म्हणून वाचला. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. रक्तवाहिन्यांत चरबी साचलीय, ही गोळी ती आणखी वाढू देणार नाही, दुसरा झटका टाळायचा तर रोज घ्यायची, बरं वाटलं तरी सोडायची नाही. मान डोलवून घरी आला गाढव.

पुन्हा कामावर जायला लागला आणि दंड दुखायला लागले. शेजारच्या टेम्पोवाल्यानं अक्कल पाजळली, "त्या गोळीनं स्नायू खलास होतात." झालं! यानं गोळी बंद केली. मी विचारलं की म्हणायचा, "घेतली गं ताई, डोकं नको खाऊस." तपासणीला गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काही त्रास? हा म्हणे, "छे, एकदम ठणठणीत." रक्त तपासायचंही टाळलं. दुखतंय म्हटलं तर छताचं काम बंद करतील, ही भीती. आणि गंमत बघा, गोळी सोडूनही दंड दुखायचे थांबले नाहीत. दिवसभर हात वर धरल्यावर दुखणारच की! तरी पुन्हा सुरू करेल तर शपथ.

दुसरा झटका कामावरच आला.

या वेळी बाई चिडल्या नाहीत, त्याचीच मला धास्ती वाटली. "दुखत होतं तर सांगायचं ना. डोस कमी केला असता, गोळी बदलून दिली असती," एवढंच म्हणाल्या. मग त्याच्यासमोरच सांगितलं, हृदयाचा बराच भाग निकामी झालाय, तो परत येत नाही. गोळी आता उरलेलं सांभाळेल. शिडी चढायची नाही, कधीच.

एका वाक्याचं काम होतं हो! एवढा मोठा बाप्या, तेवढं बोलता आलं नाही त्याला.

काल त्याच्याबरोबर काम करणारा रंगारी शिडी मागायला आला. "घेऊन जा," हा पलंगावरूनच म्हणाला.

"परत कधी आणू?"

"नको आणूस."

तो गेल्यावर यानं आपणहून गोळी मागितली. मी दिली. गिळून, तोंड उघडून दाखवलं मला. "घेतली बघ. आता तरी ओरडू नकोस," म्हणाला. मी कुठे ओरडत होते? मला रडू आवरत नव्हतं.