एक्केचाळीस नंबरची टेप

आमच्या रेडिओ केंद्रात जुने कार्यक्रम सांभाळणारे एक काका आहेत. सगळे त्यांना टेपकाका म्हणतात. तीस वर्षांचे आवाज त्यांनी कॉम्प्युटरच्या तळहाताएवढ्या टेपांमध्ये भरून कपाटात लावलेत. माझं टेबल त्यांच्या शेजारी, त्यामुळे त्यांची चिडचिड ऐकण्याचा पहिला मान माझा.

आणि चिडायला कारणही होतंच! साहेबांच्या डोक्यात खूळ शिरलं: मशीनमध्ये लावलेली टेप नेटवर्कवर टाका, प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर साधा फोल्डर दिसला पाहिजे. दिसायला लागला. पण आत अर्ध्या मैलाहून लांब फीत. एका फाइलसाठी ती पुढे पळते, दुसरीसाठी मागे. दहा जणांनी एकदम दहा फाइली मागितल्या की मशीन नुसतं कण्हतं. काकांनी भिंतीवर कागद चिकटवला: ‘एका वेळी एकानेच. आधी मला विचारा.’ मेलं कोणी वाचेल तर शपथ!

त्या दिवशी तर हद्द झाली. दोन वर्षं मागून मागून काकांना एक कोरी टेप मिळाली होती. तिच्यावर त्यांना एक्केचाळीस नंबरची टेप उतरवून घ्यायची होती. काकू इथेच निवेदिका होत्या, दुपारी मुलांना गोष्टी सांगायच्या. काकू गेल्या आणि त्यांचा आवाज उरला तो त्या एका टेपवर. तीही घासून घासून जुनी झालेली.

“एकदा सरळ धावू दे गं तिला, तीन तासांत उतरेल,” काका म्हणाले.

सरळ कसली धावतेय! अकरा वाजता पडद्यावर तीन तास दाखवत होतं, पाच मिनिटांत नऊ तास झाले, मग चक्क दोन दिवस. काका साहेबांकडे गेले. “तेवढे तीन तास फोल्डर बंद ठेवू का?”

“आज पाहुणे बघायला येणार आहेत. फोल्डर दिसलाच पाहिजे,” साहेबांनी मानही वर केली नाही.

मग मीच उठले. बातम्यांच्या खोलीत जाऊन तोंडाचा पट्टा सोडला. नाटकवाल्यांना झापलं. “आता हात लावाल तर याद राखा!” सगळ्यांनी आपापले फोल्डर बंद करून दाखवले. तरी मशीन आपलं मागे-पुढे, मागे-पुढे. माझं डोकंच फिरलं.

दोन वाजता आतून कट्ट असा आवाज आला. फीत तुटून मशीनमध्ये गुंतली होती. नव्या टेपवर केंद्राची धून आणि काकूंचं “बालमित्रांनो” एवढंच उतरलं होतं.

कोणत्या कॉम्प्युटरने किती वेळा टेप मागितली, ती यादी काकांनी उघडली. मी खुर्ची पुढे ओढली, एकेकाला धरून भांडायला. पहिल्याच ओळीत माझ्या कॉम्प्युटरचा नंबर होता. सकाळपासून, एकसारखा.

सकाळी टेप लागल्या लागल्या मला काकूंची एक गोष्ट ऐकावीशी वाटली होती. कॉम्प्युटरवरच्या गाणी वाजवायच्या प्रोग्रामला मी फोल्डर दाखवला, काही वाजेना, म्हणून तो बंद न करता तसाच पडद्याच्या खाली सारला आणि विसरले. तो मुकाट्याने एकेक फाइल चाळत बसला होता.

काकांना हे सांगताना मला रडूच फुटलं. वाटलं, ओरडतील. ओरडायलाच हवं होतं त्यांनी. फितीचं तुटकं टोक बोटाला गुंडाळत ते म्हणाले, “तुला तरी ऐकायला मिळाली का गं?”

“नाही काका.”