मांडीतली थरथर

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि माझी उजवी मांडी वाळत गेली. दोन्ही मांड्या शेजारी ठेवल्या की आई आणि मुलगी दिसायच्या. चिमटा काढला तरी भलत्याच बाईला काढल्यासारखं वाटायचं. राहनाळच्या गोदामात माझं पॅकिंगचं काम, दिवसभर उभ्याने. सुपरवायझर म्हणाला होता, महिनाभर जागा धरून ठेवतो. तेवढ्यात पायावर उभं राहायचं होतं, बाकी मला कशाचं काही पडलेलं नव्हतं.

फिजिओवाल्या मुलीने शिकवलं, कॉटवर पाय सरळ ठेवायचा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घालून ती खाली दाबायची. हात मांडीवर. हाताखाली थरथरलं की समजायचं, स्नायू जागा झाला. पुढची चौकशी ती फोनवर करायची. मी रोज दाबायचे आणि रोज थरथरायचं. तिने शाबासकी दिली. शुक्रवार तेवढे मी सोडले. शुक्रवारी आमच्या अख्ख्या नारपोलीतले कापडाचे लूम बंद, सगळ्यांना सुट्टी, मग मीच काय घोडं मारलं होतं?

महिना भरत आला तशी मी सुपरवायझरला सांगून टाकलं, सोमवारी ड्युटीवर येते. म्हणून त्या शुक्रवारी सुट्टी घेतली नाही. चहा झाल्यावर टॉवेल दाबला. काहीच नाही. दात-ओठ खाऊन पुन्हा दाबला. मांडी कणकेच्या गोळ्यासारखी नुसती पडून. नवऱ्याला हाक मारली, म्हटलं, हात लावून बघा जरा. त्यांनी मांडीला लावला, मग कॉटच्या लोखंडाला लावला.

"अगं, आज खाली लूम बंद आहेत," ते म्हणाले. "रोज ही कॉटच थरथरते."

आमच्या खोलीखालीच लूमचा कारखाना आहे. वीस वर्षांत घर हलतं हेच आम्ही विसरून गेलो होतो. म्हणजे महिनाभर मी डोंबलाचा व्यायाम करत होते. लाज वाटली, तीही जरा वेळाने.

नवरा म्हणाले, अजून एक महिना मागून घे. मी लगेच सुपरवायझरला फोन लावला आणि सोमवारी जमणार नाही म्हणून सांगितलं.

"ताई, तुमच्या जागी मुलगी घेऊन पंधरा दिवस झाले," तो म्हणाला. "परवा तुम्ही इतक्या खुशीत सोमवार म्हणालात, मला बोलवेना."

मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि नवऱ्याला विचारलं, आज भाजी कुठली करायची.