हार घालायला फोटो

गेल्या शुक्रवारी इथे आखातात, आमच्या अल् घुब्राच्या फ्लॅटमध्ये सिनेमा होता. महिन्यातून एकदा दुपारची जेवणं झाली की पडदे ओढायचे, भिंतीवर प्रोजेक्टर लावायचा आणि अभिजित दाखवेल ते बघायचं... असा आमच्या तीन-चार मराठी घरांचा रिवाज आहे. अभिजित माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातला, सिनेमाचा किडा.

या वेळी त्याने फार जुना, ब्लॅक अँड व्हाइट हॉरर आणला होता. सर्कशीच्या साइड शोमधल्या माणसांचा... कोणी बुटके, कोणाला हात नाहीत, कोणाला पाय नाहीत, आणि सगळे खरे. तेव्हा म्हणे लोक थिएटरमधून उठून गेले होते, काही ठिकाणी कितीतरी वर्षं बंदी होती. हे ऐकून आम्ही जास्तच सरसावून बसलो. माणसाचा स्वभाव, दुसरं काय!

तासाभरावरच्या बरक्याहून दळवीकाकाही आले. काका तिथे एका कंपनीत ड्रायव्हर आहेत, एकटेच राहतात. ग्रुपवर 'सर्कस' एवढाच शब्द त्यांनी वाचला असावा, कारण इस्त्रीचा शर्ट घालून, हलव्याचा डबा घेऊन अगदी जत्रेला आल्यासारखे आले. आणि सोफा रिकामा असताना नेहमीप्रमाणे खाली जमिनीवर बसले... "काका, सोफ्याला काटे आहेत का?" हा आमचा ठरलेला प्रश्न, आणि नुसतं हसणं हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

सिनेमा सुरू झाला आणि आमचं "ई...", "बाप रे" सुरू झालं. काका मात्र खुशीत होते. मग एक साधाच सीन आला... एक बुटकी बाई धुतलेले कपडे दोरीवर वाळत घालतेय.

"वहिनी, थांबवा. जरा थांबवा ना." काकांचा आवाजच वेगळा होता.

चित्र थांबलं. ते उठून भिंतीजवळ गेले. "आईसाठी अशीच खाली दोरी बांधायचो मी."

इतक्या वर्षांच्या ओळखीत हे आम्हाला माहीत नव्हतं. काकांची आई सर्कशीत जोकर होती आणि काका तंबूतच वाढले. नऊ-दहा वर्षांचे झाले तेव्हा तिच्यापेक्षा उंच झाले, मग भांग पाडून घ्यायला तिच्यापुढे खाली बसायचे... ती सवय अजून सुटलेली नाही. आई जाऊनही आता खूप वर्षं झाली.

"एकच फोटो आहे तिचा, शोमधला. नाकावर लाल गोळा, ओठ रंगवलेले. त्याला हार कसा घालायचा? लोक हसतील. म्हणून पेटीतच ठेवलाय..."

मला रडू आलं. मी लपवलंही नाही.

नवरा सिनेमा बंद करायला उठला, पण काकांनीच पुढे लावायला सांगितला. शेवटी तीच माणसं फसवणुकीचा सूड घ्यायला भर पावसात, चिखलातून, सुरे घेऊन सरपटत येतात... मघाशी कपडे वाळत घालणाऱ्या, घर करून राहणाऱ्या माणसांची एकदम भुतं करून टाकलेली. काका चहाच्या कपबशा गोळा करून सिंककडे गेले.

मी मागोमाग गेले. नळ चालू ठेवूनच ते बोलले, "शेवट खोटा आहे, वहिनी. आमच्यातलं कोणी दुखावलं ना, तर एक वेळ जेवायचं नाही. बास. त्यापलीकडे काही नाही."

काल आम्ही सगळे बरक्याला गेलो. निघण्याआधी रुवीच्या बाजारातून मोगऱ्याचा हार आणला होता, तो अभिजितने काकांच्या हातात दिला. काकांनी पेटी उघडली.

खिळा ठोकताना नवऱ्याने स्टूल पुढे केलं. काकांनी ते बाजूला सारलं आणि स्वतःच्या कमरेच्या थोडं वर हात ठेवला. "तिची मान इथवर यायची."

तिथेच फोटो लागला, तिच्या उंचीला. नमस्कार करायला आम्हाला सगळ्यांना खाली बसावं लागलं. खाली बसल्यावर तो नीट दिसला... हसू फक्त रंगाचं होतं, आतले ओठ मिटलेले होते. डोळे मात्र अगदी काकांचे.

कोणीही हसलं नाही, काका.